अणूचं जंगल आणि किनवटचा भोंगा

किनवटच्या माणसाला जंगलाचं कौतुक सांगू नये. पैनगंगेच्या काठी, सागवानाच्या सावलीत ज्याचं आयुष्य गेलं, त्याला जंगल म्हटलं की मोळी, अस्वल आणि जंगलखात्याचा गार्ड एवढंच आठवतं. त्यामुळे दादा मुंबईहून 'ॲटॉमिक फॉरेस्ट' नावाच्या बँडची तबकडी घेऊन आला, तेव्हा अण्णा खाटेवर पडूनच म्हणाले, "जंगल आणायला मुंबईला कशाला जावं लागतं रे?"

ही १९८२ सालची गोष्ट. तबकडीचं नाव 'ऑब्सेशन ७७'. नावात सत्त्याहत्तर, पण बाजारात यायला १९८१ उजाडलं. सरकारी फायलीसुद्धा कधीकधी याहून लवकर हलतात.

आता या संगीताचा इतिहास थोडक्यात सांगतो. सविस्तर सांगण्याइतका मी शहाणा नाही. याला म्हणतात सायकेडेलिक रॉक. म्हणजे गिटारला इतकं पिळायचं की ऐकणाऱ्याच्या कानाला रंग दिसले पाहिजेत. १९६७ साली लंडनच्या पिंक फ्लॉइडची पहिली तबकडी निघाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला हजारो पोरं रविशंकरांची सतार ऐकायला बसली. आपली सतार तिकडे गेली आणि त्यांची गिटार इकडे आली, फिट्टंफाट झाली.

इकडे एका सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' नावाच्या स्पर्धा भरत. त्यातल्या बँडांच्या १९७० आणि १९७१ अशा दोन तबकड्या निघाल्या. म्हणजे आपल्या रॉकच्या इतिहासाला सुरुवातीपासूनच धुराचा वास आहे. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाची रॉकची जत्राच भरली. याच हवेत कीथ कांगांचा 'ॲटॉमिक फॉरेस्ट' वाढला. यात मराठी माणूस कुठे, असं विचाराल तर नंदू भेंडे आहेत की! आत्माराम आणि आशा भेंड्यांचा हा मुलगा 'सॅव्हेजेस'सारख्या बँडांतून गात मोठा झाला आणि १९७८ साली पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त उभा राहिला. मराठी प्रेक्षकांना रॉक कळला नसेल, पण टाळ्या मात्र त्यांनी बिनचूक वाजवल्या.

दादाही मुंबईत गिटार शिकत होता. अण्णांना अर्धांगवायूचा झटका आल्याची तार मिळाली, म्हणून चार दिवसांची रजा काढून, गिटार खोलीवर ठेवून, मीटरगेजच्या गाडीनं तो किनवटला आला. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

घरात रेकॉर्डप्लेयर नव्हता. आमच्या माहितीत तो होता फक्त लग्नाच्या भोंगेवाल्याकडे. दादा तबकडी छातीशी धरून गेला, मी मागे. भोंगेवाल्यानं ती आधी उलटीसुलटी पाहिली, मग ७८च्या वेगानं लावली. कडुलिंबावरच्या भोंग्यातून असा काही आवाज निघाला की समोरच्या हॉटेलातला माणूस कपबशीसकट बाहेर आला. दादानं घाईनं वेग बदलला. भोंगेवाला मिनिटभर ऐकून म्हणाला, "भाऊ, रेकॉर्ड खराब निघाली. वापस करा."

लोक हसले. दादाही हसला, पण उशिरा.

तेवढ्यात बाजाराला आलेला एक म्हातारा प्रधान किंगरी काखेत मारून झाडाखाली थांबला होता. तो तेवढा हसला नाही. गाणं संपेपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिला आणि जाताना म्हणाला, "वाजवणारा कुणावर तरी रुसलाय." सायकेडेलिक रॉकवरचं इतकं नेमकं परीक्षण मी नंतर कुठं वाचलं नाही.

अण्णा तीन वर्षं अंथरुणावर होते. दादा कचेरीत कारकून झाला. गिटारचं पुढं काय झालं ते आम्ही विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. त्या काळात जुनी रेकॉर्ड गरम पाण्यात बुडवून तिची झालरीची परडी करण्याची टूम निघाली होती. आईनं ती अगदी हौसेनं केली. 'ऑब्सेशन ७७'मध्ये आमच्याकडे तीस वर्षं सीताफळं पिकली.

२०११ साली अमेरिकेतल्या एका कंपनीनं त्या बँडचं संगीत पुन्हा काढलं. पुतण्याला हे अलीकडे कळलं. मूळ तबकडीला शौकीन लोक काय वाटेल ते मोल देतात, असं म्हणत तो धावत आला. त्याला आम्ही परडी दाखवली. तो मटकन खाली बसला.

मग त्यानं मोबाइलवर तेच गाणं लावलं. दादा आता सत्तरीच्या पुढे. काही बोलला नाही. परडीतली सीताफळं एकेक करून त्यानं ताटात काढून ठेवली, मधल्या भोकात बोट घातलं आणि परडी हळूहळू फिरवायला लागला.

"दादा, जरा जोरात फिरव," मी म्हणालो.

"गप रे," तो म्हणाला, "तेहेतीसवर आहे."