दारूकामाचे विस्तृतदर्शी छायाचित्र : एक ऐतिहासिक साधन

शोभेच्या दारूकामाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास साधनांची उणीव प्रथमपासूनच जाणवते. तोफ उरते, दारूकाम उरत नाही. निजामशाहीची राजधानी असलेल्या अहमदनगरात (२०२४ पासून अहिल्यानगर) १५४९ मध्ये ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ आज विजापूरच्या बुरुजावर पाहता येते. त्याच सोरा, गंधक व कोळशाच्या मिश्रणातून सिद्ध झालेले बाण आणि नळे मात्र ज्या रात्री उडाले त्याच रात्री संपले. त्यांचे अस्तित्व शब्दांतून शोधावे लागते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी भारतातील दारूकामाच्या इतिहासावरील निबंधात असे उल्लेख चिकाटीने गोळा केले. संत एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील विवाहसोहळा त्यांपैकीच एक.

गोडे यांनी उद्धृत केलेला ‘पेशव्यांच्या बखरी’तील प्रसंग येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. महादजी शिंदे यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीतील ‘लंके’च्या दारूकामाचे वर्णन ऐकवले. दारूचाच रावण, दारूचेच राक्षस व वानर, आणि शेपटी पेटताच उड्डाण करून लंका जाळणारा हनुमान. पुढे पेशव्यांच्या इच्छेनुसार पर्वतीच्या पायथ्याशी तसाच प्रयोग करण्यात आला. या वर्णनातून स्पष्ट होते की दारूकाम ही घटिकांत उलगडणारी कथा होती. तिला आरंभ होता व क्रम होता.

कॅमेरा हा क्रम नोंदवतो काय? विस्तृतदर्शी फिल्म कॅमेऱ्यांचे दोन प्रकार या संदर्भात वेगळे केले पाहिजेत. जपानी ‘वाइडलक्स’मध्ये भिंग एका दंडगोलात बसवलेले असून ते फिरत असताना अरुंद फटीतून प्रकाश फिल्मवर पडतो. सुमारे १४० अंशांचे दृश्य एका चौकटीत येते खरे. परंतु चित्राची एक कड आधी व दुसरी नंतर उमटते. फट पुढे सरकल्यावर तिच्या मागे फुटलेला बाण चित्रात येतच नाही. शिवाय या कॅमेऱ्याचा सर्वांत मंद वेग सेकंदाचा पंधरावा भाग. फुलाचा पूर्ण पसारा टिपण्यास तो अपुरा. १९९८ मध्ये हॅसलब्लाड व फुजी यांनी आणलेल्या ‘एक्सपॅन’चे भिंग स्थिर असते आणि त्याची झडप अनेक सेकंदे उघडी ठेवता येते. येथे संपूर्ण चौकट एकाच कालावधीची. मात्र दहा सेकंदांत एकामागून एक उडालेले दहा बाण त्या चित्रात शेजारी शेजारी, जणू एकाच वेळी फुटलेले दिसतात.

शहराच्या पूर्वेस शहा डोंगरावर सलाबतखानाची अष्टकोनी, तीन मजली कबर आहे (लोकांच्या तोंडी ‘चांदबिबीचा महाल’, चांदबिबीशी तिचा संबंध नाही). तेथून दिवाळीच्या रात्री नगरचे दर्शन म्हणजे क्षितिजालगतचा एक लांबट पट्टा. या कॅमेऱ्याच्या चौकटीसाठीच जणू आखलेला. हिशेब मात्र निराशाजनक आहे. दहा किलोमीटरवरून पाहिलेले शंभर मीटर उंचीचे दारूकाम वाइडलक्सच्या २६ मिलिमीटर भिंगाने फिल्मवर केवळ पाव मिलिमीटर उमटेल. एक्सपॅनच्या ९० मिलिमीटर भिंगाने जेमतेम ०.९ मिलिमीटर. म्हणजे बाणाची आकृती हाती लागणार नाही, शहराच्या कोणत्या भागात किती दाटीने दारू उडाली याचा अंदाज तेवढा मिळेल. इतिहासकारास हेही थोडे नव्हे.

परंतु हा अंदाज बांधतानाच घोटाळा होण्याचा संभव अधिक. झडप पाच सेकंद उघडी होती की पाच मिनिटे, यावर ठिपक्यांची संख्या अवलंबून असते. एकाच रात्रीची दोन चित्रे दोन वेगळ्या दिवाळ्यांची वाटू शकतात. बाणाच्या रेषेची तेजस्विता तर मुख्यत्वे भिंगाच्या छिद्रावर ठरते, कारण ठिणगी फिल्मच्या कोणत्याही एका बिंदूवर थांबत नाही. तेव्हा यंदा दारू अधिक उडाली की गतवर्षी, हा प्रश्न अशा छायाचित्रांना विचारायचा असेल तर छिद्र, कालावधी, फिल्मची संवेदनशीलता आणि झडप उघडल्याची वेळ या चार नोंदी चित्रासोबत हव्यात. महाविद्यालयांच्या व खाजगी संग्रहांतील छायाचित्रांवर बहुधा केवळ ‘दिवाळी’ एवढेच लिहिलेले असते.