रिलेच्या भिंतीतून निघालेली शिडी

मोटारीचे नवे मॉडेल आले की यंत्रे चालवणाऱ्या रिलेंच्या पॅनेलमधील तारा उसकटून पुन्हा जोडायच्या, ही अमेरिकी कारखान्यांची जुनी डोकेदुखी. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने त्यावर उपाय मागितला. मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड असोसिएट्सच्या डिक मॉर्ली व सहकाऱ्यांचे उत्तर होते ‘मोडिकॉन ०८४’. कंपनीचा हा ८४ वा प्रकल्प, म्हणून ते नाव!

खरी मेख पुढेच आहे. अनेक रिले एकाच वेळी हालू शकतात. प्रोसेसर मात्र एकामागून एक सूचना पाळतो. त्यावर रूढ झालेली रीत अशी : आधी सर्व इनपुटांची स्थिती स्मृतीत टिपायची, मग प्रोग्रॅमच्या पायऱ्या क्रमाने सोडवायच्या, शेवटी आउटपुट बदलायचे, आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून. एक फेरी बहुधा काही मिलिसेकंदांची. फेरी सुरू असताना दाबलेले बटण पुढच्या फेरीत कळते. फेरीहून अल्पजीवी इशारा तर निसटूही शकतो.

प्रोग्रॅमची आकृती शिडीसारखी ठेवली ती मुद्दाम. रिलेचे नकाशे वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला ती ओळखीची होती. संगणकाच्या इतिहासात हा कारागीर क्वचितच भेटतो. त्याची शिडी मात्र १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही आहे.