दूधभाताची शपथ

शाळेत मराठ्यांच्या गादीवरून झालेलं ताराबाई-शाहू प्रकरण आलं की मुलांचा प्रश्न ठरलेला, "सर, यात गद्दार कोण?" मी फळ्यावर दोन रकाने आखायचो आणि म्हणायचो, आधी बळाबळ मांडा.

औरंगजेब वारल्यावर मे 1707 मध्ये त्याचा मुलगा आझमशहा याने संभाजीपुत्र शाहूला मोकळं केलं. मोगल छावणीत लहानाचा मोठा झालेला तरुण, सोबत मूठभर माणसं. राजारामाच्या विधवा ताराबाईंकडे मात्र किल्ले, खजिना, सेनापती धनाजी जाधव आणि औरंगजेबाला सात वर्षं झुंजवल्याचा दरारा. सगळा वर्ग ताराबाईंच्या बाजूने कौल द्यायचा.

मग मी विचारायचो, ही फौज नक्की कोणाची? जिंजीच्या काळात राजारामाने सरदारांना वतनं-सरंजाम दिले होते. घोडा शिलेदाराचा, त्याचा पगार सरदाराच्या मुलखातून. त्यामुळे ताराबाईंच्या रकान्यातलं निम्मं बळ त्यांच्याकडे जणू उसनं होतं. त्यांनाही ते ठाऊक असावं; म्हणूनच शाहू तोतया आहे असं जाहीर करून त्यांनी सरदारांना दूधभातावर शपथ घ्यायला लावली.

त्या शपथेला उत्तर मिळालं तेही जेवणाच्याच ताटात. खानदेशात परसोजी भोसले शाहूला येऊन मिळाला आणि त्याच्याबरोबर एका ताटात जेवला, असं सांगतात. तोतयाबरोबर भोसला जेवेल कसा? पण सगळेच वळले नाहीत. पारदच्या पाटलाने शाहूची वाट अडवली, लढाईत तो पडला. त्याच्या बायकोने तान्हं पोर शाहूच्या पालखीत घातलं. तोच पुढे फत्तेसिंह भोसले, अक्कलकोट संस्थानाचा मूळपुरुष.

ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, फौजा समोरासमोर आल्या. शाहू खरा असल्याची धनाजीची खात्री पटली होती. त्याने हात आखडता घेतला आणि तो शाहूच्या पक्षाला गेला. परशुरामपंत प्रतिनिधी एकटे लढले, हरले आणि साताऱ्याच्या किल्ल्यात शिरले. तो किल्लाही पडला. जानेवारी 1708 मध्ये तिथेच शाहूचा राज्याभिषेक झाला.

एवढं झाल्यावर मुलं धनाजीकडे बोट दाखवायची. मग मी त्याच्या मुलाचं सांगायचो. चंद्रसेन जाधव 1711 मध्ये शाहूला सोडून ताराबाईंकडे गेला आणि तिथून पुढे निजामाकडे. बापाने पक्ष बदलला तरी तो भोसल्यांच्याच गादीपाशी राहिला. मुलगा शेवटी गादीच सोडून गेला. दोघांना एकाच शब्दात बसवता येत नाही. वारणेच्या तहाने 1731 मध्ये शाहूची सातारा आणि ताराबाईंच्या पक्षातून उभी राहिलेली कोल्हापूर अशा दोन्ही गाद्या मान्य झाल्या, तेव्हा खेडच्या मैदानावर समोरासमोर उभे राहिलेले दोन्हीकडचे लोक कागदोपत्री स्वामीनिष्ठच ठरले.