ग्राफिक डिझाइन शिक्षणातील ब्रीफ व अभिप्राय

ब्रीफ म्हणजे ग्राफिक डिझाइनच्या विद्यार्थ्याला प्रकल्प सुरू होण्यापूर्वी दिले जाणारे कार्यपत्र होय. काय घडवायचे, कोणासाठी, कोणत्या मर्यादांत आणि किती मुदतीत हे त्यात नमूद केलेले असते. प्रकल्प चालू असताना व संपल्यावर शिक्षक, सहाध्यायी आणि बाहेरचे परीक्षक कामाविषयी जे मत नोंदवतात, त्यास अभिप्राय म्हणतात. कामे भिंतीवर लावून सर्वांसमक्ष होणाऱ्या चर्चेस क्रिट, तर गुणांकनासाठी होणाऱ्या परीक्षणास जुरी असे संबोधले जाते. डिझाइनच्या एका प्रश्नाची अनेक योग्य उत्तरे संभवत असल्याने काम ठरावीक उत्तराशी ताडून तपासता येत नाही. त्यामुळे ब्रीफ हाच परीक्षणाचा आधार ठरतो आणि त्याच्याशी संबंध नसलेला अभिप्राय केवळ आवडीनिवडीचे विधान उरतो.

इतिहास

या पद्धतीची मुळे वास्तुकलेच्या शिक्षणात आढळतात. पॅरिसमधील एकोल दे बोझार या संस्थेत विद्यार्थ्यांना लेखी कार्यक्रमपत्रिका दिली जाई आणि ठरलेल्या मुदतीनंतर आराखड्यांवर परीक्षक मंडळ निर्णय देई. आराखडे गोळा करणाऱ्या हातगाडीवरून पडलेला ‘शारेत’ हा शब्द आजही अखेरच्या घाईच्या कामासाठी वापरला जातो.

जर्मनीत १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बाउहाउसने प्राथमिक अभ्यासक्रमातून साहित्यावर आधारित प्रयोगांना महत्त्व दिले. तेथे योझेफ आल्बर्स विद्यार्थ्यांना केवळ कागद देत व तो वाया न घालवता त्याच्या गुणधर्मांतून रचना करण्यास सांगत. तयार झालेल्या रचना एकत्र मांडून त्यांची चर्चा होई. मर्यादा घालणे हाच विचारास चालना देण्याचा मार्ग ठरू शकतो, हे अशा अभ्यासांतून दिसून आले.

मुंबईत सर ज. जी. कला विद्यालयात १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. त्यातून पुढे सर ज. जी. उपयोजित कला संस्था साकारली. अहमदाबाद येथे १९६१ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्था, तर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक डिझाइन केंद्र स्थापन झाले.

ब्रीफचे घटक

शैक्षणिक ब्रीफमध्ये साधारणपणे पुढील बाबी असतात :

* उद्देश – काम पाहिल्यावर वाचकाने काय समजावे किंवा करावे.
* वाचकवर्ग – वय, भाषा, वाचनाचे अंतर व परिस्थिती.
* मर्यादा – आकार, रंगांची संख्या, छपाईची पद्धत, खर्च.
* सादर करावयाचे साहित्य – कच्ची रेखाटने, पर्याय, अंतिम काम, टिपण.
* मुदत व गुणांकनाचे निकष.

उदाहरणार्थ, ‘एस.टी. स्थानकासाठी आकर्षक वेळापत्रक तयार करा’ हे ब्रीफ अपुरे ठरते, कारण ‘आकर्षक’ या शब्दाची पडताळणी करता येत नाही. ‘ज्येष्ठ प्रवाशाला आपल्या गावाची शेवटची बस विचारपूस न करता शोधता यावी, मजकूर मराठी, रंग दोन’ असे म्हटल्यास निकष स्पष्ट होतो. मराठी मजकुराच्या कामात देवनागरीची वैशिष्ट्येही विचारात घ्यावी लागतात. शिरोरेषेवरील मात्रा व वेलांट्या आणि खालचे उकार यांमुळे दोन ओळींत पुरेसे अंतर ठेवावे लागते. रोमन लिपीसाठी आखलेली मांडणी तशीच वापरल्यास ही चिन्हे एकमेकांना भिडतात.

ब्रीफसोबत नमुना दाखवण्याचे दुष्परिणामही आढळले आहेत. डेव्हिड जॅन्सन व स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांत त्यातील दोषही उतरल्याचे दिसले. या प्रवृत्तीस डिझाइनमधील जखडलेपण म्हणता येईल.

कामाचे टप्पे

विद्यार्थी प्रथम ब्रीफ स्वतःच्या शब्दांत मांडतो व संदिग्ध बाबींविषयी प्रश्न विचारतो. त्यानंतर निरीक्षण व माहितीसंकलन, लहान आकाराची कच्ची रेखाटने, निवडक पर्याय, मधली क्रिट, सुधारणा आणि अंतिम सादरीकरण असा क्रम असतो. हा क्रम सरळ रेषेत जात नाही. उत्तर शोधताना प्रश्नाचे आकलनही बदलते. अशा वेळी ब्रीफमध्ये केलेला बदल व त्यामागचे कारण टिपणात नोंदवणे उपयुक्त ठरते.

अभिप्रायाचे स्वरूप

रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये मांडल्यानुसार, अभिप्रायाचा उपयोग होण्यासाठी विद्यार्थ्याला अपेक्षित दर्जा कळणे, आपले काम त्याच्याशी ताडता येणे आणि अंतर कमी करण्याची कृती करता येणे आवश्यक असते. जॉन हॅटी व हेलन टिंपर्ली यांच्या २००७ मधील विवेचनानुसार, व्यक्तीची स्तुती करणारा अभिप्राय शिकण्यास सर्वांत कमी उपयोगी पडतो.

वरील वेळापत्रकाबाबत ‘फलक गिचमिड वाटतो’ हे मत प्रामाणिक असले, तरी त्यावरून पुढची दिशा कळत नाही. ‘शेवटची बस शोधताना नजर प्रत्येक ओळीवरून फिरते, कारण सर्व वेळा एकाच जाडीच्या अक्षरांत आहेत’ या अभिप्रायात निरीक्षण, कारण व ब्रीफशी संबंध या तिन्ही गोष्टी येतात. उपाय मात्र विद्यार्थ्यावर सोपवलेला राहतो. शिक्षकाने स्वतःच मांडणी बदलून दिल्यास काम सुधारते, पण निर्णय घेण्याचा सराव होत नाही.

अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास विकसित केलेली चार टप्प्यांची पद्धत इतर कलांच्या शिक्षणातही वापरली जाते. तीत प्रथम पाहणारे कामातील अर्थपूर्ण बाबी सांगतात, मग कलावंत प्रश्न विचारतो, नंतर पाहणारे तटस्थ प्रश्न विचारतात आणि शेवटी कलावंताच्या संमतीने मते मांडली जातात.

अभिप्रायाची वेळही महत्त्वाची असते. स्टीव्हन डाउ व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींनी संकेतस्थळांवरील जाहिरातींचे अनेक पर्याय एकाच वेळी करून अभिप्राय घेतला, तर काहींनी प्रत्येक पर्यायानंतर. पहिल्या गटाच्या जाहिराती अधिक परिणामकारक ठरल्या. दुसऱ्या गटातील अनेकांना टीका मनाला लागली. एकच पर्याय समोर असल्यास कामावरची टीका स्वतःवरची वाटण्याचा धोका यातून स्पष्ट होतो.

स्पर्धा व प्रत्यक्ष ग्राहकांचे ब्रीफ

भारत सरकारच्या अर्थ मंत्रालयाने २००९ मध्ये रुपयाच्या चिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांतून पाच चिन्हे अंतिम फेरीत निवडली गेली. औद्योगिक डिझाइन केंद्रातील संशोधक विद्यार्थी डी. उदय कुमार यांनी देवनागरी ‘र’ व रोमन ‘आर’ यांचा मेळ साधून केलेले चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले गेले.

विद्यार्थ्यांच्या कामाच्या मोबदल्याचा प्रश्नही अशा ब्रीफशी निगडित आहे. पोर्टलंड राज्य विद्यापीठातील विद्यार्थिनी कॅरोलिन डेव्हिडसन यांनी १९७१ मध्ये नायकी या कंपनीसाठी गतिसूचक बोधचिन्ह केले. त्यासाठी त्यांना ३५ डॉलर मिळाले. कंपनीने १९८३ मध्ये त्यांना समभाग दिले. बाहेरील ग्राहकाचे ब्रीफ स्वीकारताना मालकी हक्क, श्रेयनामावली व मोबदला आधीच लेखी ठरवणे त्यामुळे इष्ट ठरते.

टीका

कॅथरिन अँथनी यांनी १९९१ मधील आपल्या ग्रंथात वास्तुकलेतील जुरीपद्धतीची चिकित्सा केली. जाहीर परीक्षणाचा ताण, अस्पष्ट निकष आणि परीक्षकांचे अपमानास्पद वर्तन हे या पद्धतीवरील प्रमुख आक्षेप आहेत. बोलण्यात सराईत असलेल्यांना सादरीकरणात लाभ मिळतो आणि संस्थेच्या माध्यमभाषेत संकोचणाऱ्यांचे चांगले कामही मागे पडू शकते. यावर उपाय म्हणून लेखी अभिप्राय, लहान गटांतील चर्चा, विद्यार्थ्याच्या भाषेत बोलण्याची मुभा आणि निकष आधी जाहीर करणे हे मार्ग अवलंबले जातात.

हे सुद्धा पहा

* उपयोजित कला
* बाउहाउस
* भारतीय रुपया चिन्ह
* देवनागरी