अंगठ्याआधीची वही

तिगावच्या आमच्या खतदुकानात बाबांची रोकड वही लाल कापडात बांधलेली असायची. दिवाळीला तिची पूजा व्हायची, पहिल्या पानावर 'श्री' लिहिला जायचा आणि मग वर्षभर तिच्याशिवाय पान हलत नसे. 1956 साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, तिगाव ज्यात येतं तो आमचा मराठी बोलणारा पांढुर्णा-सौसर भाग मध्य प्रदेशातच राहिला. म्हणून परवाना हिंदीत, वही मराठीत. 'युरिया दोन गोण्या, उधार, कापूस निघाल्यावर देणार' असं बाबा लिहीत. किती माल गेला आणि पैसे का थांबले, हे दोन्ही एकाच ओळीत कळायचं.

1985 च्या खत नियंत्रण आदेशाने साठ्याची नोंदवही आणि ठराविक नमुन्यातलं बिल सक्तीचं झालं. बिलाची कार्बनप्रत दुकानात उरे. तपासणीला आलेले साहेब गोदामातल्या गोण्या मोजत आणि नोंदवहीशी ताडून बघत. दुकानाचा सगळा इतिहास दुकानातच असायचा.

तो बाहेर गेला अंगठ्यावर विक्री नोंदवणाऱ्या पीओएस मशीनमुळे. ऑक्टोबर 2016 मध्ये निवडक जिल्ह्यांत प्रयोग सुरू झाला आणि मार्च 2018 पर्यंत तो देशभर लागू झाला. त्याआधी खत जिल्ह्यात पोहोचलं की कंपनीला अनुदानाचा मोठा हिस्सा मिळे. पुढे ते खत शेतात गेलं की प्लायवूडच्या डिंकात, हे कागदावरून कळायचं नाही. आता शेतकऱ्याचा अंगठा लागून विक्रीची नोंद झाल्यावरच कंपनीचं अनुदानाचं बिल निघतं. हा बदल व्हायलाच हवा होता.

कंपनीने पाठवलेला माल आधी मशीनमध्ये दिसतो. ट्रक रिकामा करून आम्ही 'मिळाला' अशी नोंद केली की तो दुकानाच्या साठ्यात चढतो. त्यानंतर प्रत्येक विक्रीला कोणत्या दुकानातून, कोणाच्या आधारवर, कोणतं खत, किती गोण्या, कधी गेल्या ही माहिती केंद्राच्या सर्व्हरवर जमा होते आणि तेवढ्या गोण्या मशीनच्या साठ्यातून वजा होतात. आम्हाला हाती उरते थर्मल कागदाची पावती. उन्हात ठेवली तर अक्षरं उडून जातात.

खरी कसोटी पहिल्या पावसानंतर लागते. कपाशीला युरिया हवा असतो, दारात रांग असते आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क जातं. अशा वेळी काही ठिकाणी गोण्या हातोहात वाटल्या जातात आणि संध्याकाळी ओळखीच्या एखाद्याच अंगठ्यावर सगळी विक्री चढवली जाते. हे चुकीचंच आहे. केंद्र सरकार याच नोंदींतून प्रत्येक जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या वीस खरेदीदारांची यादी काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे पडताळणीला पाठवतं. मग अंगठा देणाऱ्या त्या दोन एकरवाल्या माणसाला विचारतात, एवढा युरिया कुठे टाकला? बाबांच्या वहीत चुकीची ओळ खोडून शेजारी कारण लिहिता यायचं. सर्व्हरवर अंगठा ज्याचा, माल त्याचा.

उधारी मात्र मशीनला कळत नाही. त्यासाठी वही मी अजून ठेवतो, आणि मशीनमधला साठा रोज रात्री गोदामाशी जुळवून तिच्यातच लिहितो.

शेतकरी भावांना एवढंच सांगणं आहे: अंगठा लावलात की पावती मागाच. 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांची आहे. नाव, गोण्या आणि रक्कम दुकानातच वाचून घ्या, फोनने पावतीचा फोटो काढा आणि आकडा जुळला नाही तर तिथेच, त्याच वेळी बोला.