घराबाहेरचा दिवा

घरांतला दिवा कोणासाठीं, असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. समई देवासाठीं, कंदील अभ्यासाला बसलेल्या मुलासाठीं, चुलीजवळची चिमणी स्वयंपाकासाठीं, हें उघड असतें. घराबाहेरच्या दिव्याचें तसें नाहीं. तो जळतो घरवाल्याच्या पैशानें, पण उजेड पडतो रस्त्यावर. त्यामुळें त्याच्यावर घराच्या मालकानें व रस्त्यानें जाणाऱ्या लोकांनीं, दोघांनींहि, नेहमीं हक्क सांगितला आहे.

महाराष्ट्रांतील जुन्या चालीरीती पाहिल्या तर तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यांतील पणती, धनत्रयोदशीस दाराबाहेर दक्षिणेकडे वात करून ठेवलेला यमदीप, कार्तिकांत उंच काठीला टांगलेला आकाशदिवा, यांपैकीं एकहि दिवा घर सुंदर दिसावें म्हणून लावला जात नसे. तुळस, यम, पितर, अशा घराबाहेरच्या कोणाला तरी तो अर्पण केलेला असे. शोभा होई ती आपोआप. दिवाळीच्या रात्रीं पणत्यांच्या ओळीनें ओट्याची कड उजळलेली कोणाला आवडणार नाहीं? परंतु शोभेसाठींच म्हणून घराचा दर्शनी भाग रात्रीं उजळावयाचा, ही कल्पना निराळी आहे. तिचा माग काढूं गेल्यास प्रथम लंडन शहराकडे वळावें लागतें. कारण दारावरच्या दिव्यापायीं सरकार व रस्त्यावरचा जमाव या दोघांशींहि घरवाल्यांचे खटके तेथें उडाले, आणि त्यांची नोंद राहिली.

१४१७ सालीं लंडनचा मेयर सर हेन्री बार्टन यानें असा हुकूम काढल्याचें जॉन स्टो या जुन्या इतिहासकारानें नमूद केलें आहे कीं, हिंवाळ्यांत, नोव्हेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत, संध्याकाळीं घरोघर बाहेर कंदील टांगले जावे. या कंदिलांना कांच नसे. शिंगाचे पातळ पापुद्रे काढून ते चौकटींत बसवीत. आंत चरबीची बत्ती. एवढ्यानें रस्ता उजळत असेल असें नाहीं. चिखलाचा खड्डा व पुढून येणारा मनुष्य, हे दोन्ही ओळखूं आले म्हणजे पुरे. पुढें रात्रीचे पहारेकरी घंटा वाजवीत फिरत व लोकांना कंदील लावण्याची आठवण देत, तेव्हां कंदिलांत आखी मेणबत्ती असावी असेंहि ते ओरडून बजावीत. आखी म्हणण्याचें कारण स्पष्टच आहे. सरकारी हुकमाची मेणबत्ती म्हटली कीं घरांतलें उरलेंसुरलें थोटूक बाहेर नेऊन लावावें, ही बुद्धि सर्व देशांतील गृहस्थांना सारखीच होते.

पॅरिसमध्यें १६६७ सालीं चौदाव्या लुईचा पोलिस अधिकारी निकोला द ला रेनी यानें ही जबाबदारी घरवाल्यांच्या मर्जीवर न ठेवतां रस्त्यावरच कंदील टांगले व त्यासाठीं कर बसविला. लंडनला तें लवकर साधलें नाहीं. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दीच्या अगदीं शेवटीं एडवर्ड हेमिंग नांवाच्या एका गृहस्थानें शहर उजळण्याचा मक्ता मिळविला. त्याची हमी एवढीच होती कीं, हिंवाळी मोसमांत, चंद्र नसलेल्या रात्रीं, सायंकाळीं सहापासून बारापर्यंत, दर दहाव्या दारापुढें एक दिवा राहील. दहांतील नऊ दारें अंधारांतच राहणार होतीं. तरी मेकॉलेनें आपल्या इतिहासाच्या प्रसिद्ध तिसऱ्या प्रकरणांत या सुधारणेचा मोठा गौरव केला आहे, व त्या काळचा काळोख ध्यानांत घेतां तो अस्थानीं वाटत नाहीं. अखेर १७३६ च्या कायद्यानें लंडनच्या मुख्य शहरांत पट्टी बसवून वर्षभर दिवे लावण्याची व्यवस्था झाली.

येथें दारावरच्या दिव्याचा जन्म पालटला. रस्त्याची जबाबदारी डोक्यावरून गेल्यावर तो श्रीमंतांच्या हौसेचा विषय झाला. पायऱ्यांच्या दोन बाजूंच्या लोखंडी कठड्यांवरून नक्षीदार कमान उभारावयाची व तिच्या मध्यभागीं कांचेचा दिवा ठेवावयाचा, अशी तऱ्हा अठराव्या शतकांत लंडनच्या मोठ्या घरांत रूढ झाली. कठड्याला लोखंडी कर्ण्यासारखीं टोपणेंहि असत. पालखीपुढें वा गाडीपुढें पळणारीं मशालजी पोरें दाराशीं पोहोंचलीं म्हणजे पेटती मशाल त्या टोपणांत खुपसून विझवीत. बर्कले स्क्वेअरमध्यें अशीं टोपणें अजूनहि पाहावयास मिळतात. सबंध दर्शनी भिंत अंधारांत ठेवून केवळ उंबरठा व पायऱ्या उजळण्याची ही पद्धत आजच्या कित्येक बंगल्यांच्या झगमगाटापेक्षां अधिक जाणतेपणाची होती, असें म्हणावेंसें वाटतें.

परंतु रस्त्यानें आपला हक्क सोडला नव्हता. त्यानें तो खिडक्यांवर बजावला. राजाचा वाढदिवस, लढाईंतला विजय, तह अशा प्रसंगीं शहरांत रोषणाई होई, आणि तींत प्रत्येक घरानें खिडकीच्या प्रत्येक तावदानामागें मेणबत्ती लावावी अशी अपेक्षा असे. कायदा नव्हता, परंतु अंधारी खिडकी म्हणजे वेगळें मत, आणि वेगळ्या मताला दगड, हा जमावाचा न्याय होता. १७७९ च्या फेब्रुवारींत आरमारी सेनापति केपेल हा लष्करी न्यायालयांतून निर्दोष सुटला, तेव्हां लंडनमध्यें रोषणाई झाली व त्याचा प्रतिपक्षी पॅलिसर याच्या घराची जमावानें नासधूस केली. १७८१ सालीं यॉर्कटाऊन येथें कॉर्नवॉलिस शरण आल्याची वार्ता फिलाडेल्फियास पोहोंचली. हाच कॉर्नवॉलिस पुढें हिंदुस्थानांत गव्हर्नर-जनरल होऊन आला. त्या रात्रीं शहर उजळलें, पण क्वेकर पंथाच्या लोकांनीं दिवे लावले नाहींत. युद्धांतील जय साजरा करणें त्यांच्या धर्मांत बसत नव्हतें. त्यांच्या खिडक्या फुटल्या, दारें मोडलीं. १८०१ सालीं फ्रान्सशीं तहाचें ठरलें तेव्हां विल्यम कॉबेट या पत्रकाराला तो तह मान्य नव्हता, म्हणून त्यानें घर अंधारांत ठेवलें. त्याच्याहि कांचा गेल्या.

दिवे लावूनसुद्धां सुटका होई असें नाहीं. पुढच्याच वर्षीं, त्याच तहाच्या समारंभांत, लंडनमधील फ्रेंच वकील ओटो यानें आपल्या घरावर दिव्यांनीं ‘कॉन्कॉर्ड’ हा शब्द काढला. त्याचा अर्थ सलोखा. खालीं जमलेल्या खलाशांनीं तो ‘कॉन्कर्ड’, म्हणजे जिंकले गेलेले, असा वाचला, आणि इंग्रजांना कोणी जिंकलें म्हणून दंगा होण्याची वेळ आली. कवि साउदी यानें ही हकीकत लिहून ठेवली आहे. तो शब्द काढून तेथें ‘मैत्री’ या अर्थाचा शब्द लावावा लागला, तेव्हां लोक निवळले.

या सर्वांत कठोर प्रसंग वेलिंग्टनवर आला. १८०३ सालीं आसईच्या रणांगणावर शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव करणारा वेलस्ली तो हाच. पुढें तो ड्यूक झाला, मुख्य प्रधान झाला, आणि पार्लमेंटच्या सुधारणेचा कट्टर विरोधक म्हणून लोकांच्या रोषास पात्र झाला. १८३१ च्या एप्रिलांत सुधारणेच्या प्रश्नावर पार्लमेंट विसर्जित झालें. आतां सुधारणा होणार या आनंदानें २७ तारखेला लंडनमध्यें रोषणाई झाली. हाइड पार्कच्या कोपऱ्यावरील त्याचें अ‍ॅप्स्ली हाउस मात्र अंधारांत होतें. ड्यूकची पत्नी तीनच दिवसांपूर्वी वारली होती, आणि तिचें शव घरांत होतें. बाहेरच्या जमावाला दिसली ती एवढीच गोष्ट कीं, सुधारणेच्या शत्रूनें दिवे लावलेले नाहींत. दगडांनीं सुमारें तीस खिडक्या फुटल्या. ड्यूक स्वतः घरीं नव्हता. त्याच्या नोकरानें घराच्या माथ्यावरून हवेंत बार काढले, तेव्हां लोक पांगले. त्याच वर्षीं शरद् ऋतूंत सरदारांच्या सभेनें सुधारणेचें बिल फेटाळलें व पुन्हां दगड आले. मग ड्यूकनें खिडक्यांना लोखंडी झडपा बसविल्या. ‘लोखंडी ड्यूक’ हें त्याचें नांव या झडपांवरूनच रूढ झालें, असें पुष्कळ सांगतात.

सुतकाचें घर अंधारांत असावें, ही गोष्ट कोणत्याहि समाजांत कोणाला समजावून द्यावी लागत नाहीं. तरी ती त्या रात्रीं समजली नाहीं, कारण घराच्या बाह्य दर्शनाला त्या रस्त्याच्या लेखीं एकच अर्थ उरला होता.

गॅस आला आणि खिडकीमागची मेणबत्ती हळूहळू मागें पडली. जानेवारी १८०७ मध्यें विन्सर या जर्मन उद्योगी पुरुषानें पॅल मॅल रस्त्यावर गॅसचे दिवे लावून दाखविले, व त्याच वर्षीं जूनमध्यें राजाच्या वाढदिवशीं कार्लटन हाउसच्या बागेच्या भिंतीवर गॅसची रोषणाई केली. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ च्या आक्टोबरांत लागले, आणि दारावरच्या कंदिलाचें रस्त्याशीं असलेलें जुनें नातें तेथेंहि सैल झालें. गॅसच्या नळ्या वाकवून मुकुट, तारे, अक्षरें काढतां येत. परंतु भिंत मात्र काळीच राही.

विजेच्या दिव्यांनीं प्रथम हेंच केलें. इमारतीच्या कडा, कमानी, घुमट यांच्या रेषेरेषेनें बारीक दिवे लावावयाचे, म्हणजे अंधारांत इमारतीचा आराखडा उमटतो. म्हैसूरचा राजवाडा हें याचें ठळक उदाहरण. जुना लांकडी वाडा १८९७ सालीं जळाल्यावर हेन्री आयर्विन याच्या आराखड्यानें उभारलेला हा वाडा १९१२ सालीं पुरा झाला. त्यावरील सुमारें ९७ हजार दिवे दसऱ्यांत एकाच क्षणीं पेटतात, तेव्हां गर्दींतून एकच उद्गार निघतो. तें दृश्य विलक्षणच आहे. पण तेथें दिसतात ते दिवे. दगड दिसत नाहीं.

दगड दिसूं लागला तो १९१५ सालीं, सान् फ्रान्सिस्को येथील मोठ्या प्रदर्शनांत. वॉल्टर डार्सी रायन या दीपयोजकानें इमारतींच्या कडांवरील दिवे काढून टाकले, आणि निशाणांच्या व ध्वजस्तंभांच्या आड लपविलेल्या दिव्यांचे झोत भिंतींवर सोडले. दिवा दिसावयाचा नाहीं, त्यानें उजळलेली वस्तु दिसावयाची, हें त्याचें तत्त्व. प्रदर्शनाच्या मध्यावरील ४३५ फूट उंच मनोऱ्यावर त्यानें पैलू पाडलेल्या कांचेचे लाखावर खडे अशा रीतीनें टांगले कीं, वाऱ्यानें ते हलावे व झोतांत चमकावे. झोत कोठून येतो यावर सर्व अवलंबून असतें. समोरून सरळ आलेला उजेड भिंतीला कागदासारखी सपाट करतो. खालून किंवा बाजूनें घासत गेलेला उजेड चिऱ्याचिऱ्याची सावली पाडतो, आणि कोरीव काम उठून दिसतें. १९३१ च्या सप्टेंबरांत लंडनमध्यें दीपतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हां राजवाडा व शहरांतील प्रमुख इमारती अशाच झोतांनीं उजळल्या, व तें पाहावयास इतके लोक लोटले कीं रस्ते तुंबले. आणि त्याच लंडनमध्यें १ सप्टेंबर १९३९ पासून खिडकीच्या फटींतून उजेड बाहेर आला तर घरवाल्यास दंड होऊं लागला. बार्टनच्या हुकमाच्या नेमका उलटा हुकूम, आणि पहारेकरी पुन्हां दारोदार.

युद्ध संपल्यावर ही विद्या साध्या राहत्या घरापर्यंत उतरली. अमेरिकेंत कनेक्टिकट प्रांतीं फिलिप जॉन्सन या शिल्पज्ञानें १९४९ सालीं स्वतःसाठीं एक घर बांधलें, त्याच्या चारी भिंती कांचेच्या. दिवसां आंत बसून झाडें, हिरवळ, आकाश दिसे. रात्र झाली व आंत दिवा लागला कीं त्याच भिंती आरसे होत; बाहेरचें सर्व नाहीसें होई व बसणाऱ्याला स्वतःचींच प्रतिबिंबें चहूंकडे दिसत. रिचर्ड केली या दीपयोजकानें यावर उपाय केला तो घराबाहेर. त्यानें झाडांवर जमिनींतून उजेड सोडला, छपराच्या कडेवरून हिरवळीवर सौम्य प्रकाश पाडला, आणि घरांतला उजेड उलट कमी केला. बाहेर आंतल्यापेक्षां अधिक उजेड होतांच कांच पुन्हां पारदर्शक झाली. रस्त्यावरून पाहणाऱ्यासाठीं नव्हे, आंत राहणाऱ्यासाठीं बाहेरचा दिवा लावला गेला, ही या दीर्घ कथेंतील नवी गोष्ट.

केलीसारखी काटकसर पुढें थोड्यांनींच केली. दिवे स्वस्त झाले, आणि घर उजळण्यासाठीं लावलेला झोत भिंत ओलांडून आकाशांत व शेजाऱ्याच्या शयनगृहांत जाऊं लागला. तेव्हां रस्त्यानें आपला हक्क तिसऱ्या रूपानें मागितला आहे, तो अंधाराचा. फ्रान्समध्यें २०१३ च्या जुलैपासून इमारतींच्या दर्शनी भागावरील रोषणाई रात्रीं एक वाजेपर्यंत मालवावी लागते. महाराष्ट्रांत पेंच येथील व्याघ्रप्रकल्पास २०२४ च्या जानेवारींत गडद आकाशाचें उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. हिंदुस्थानांतील असें हें पहिलेंच. त्यासाठीं आसपासच्या गांवांतील रस्त्यांवरचे दिवे बदलून त्यांचीं तोंडें जमिनीकडे वळविण्यांत आलीं, आणि त्या गांवांवर रात्रीं आकाशगंगा दिसते.