पुंगळीपुराण

माणसाने लावलेल्या शोधांमध्ये एक जात अशी आहे, की शोधकर्त्याने वस्तू ज्या कामासाठी केली, नेमक्या त्याच्या उलट कामासाठी लोक ती विकत घेतात. सायलेन्सर हा त्या जातीचा मुकुटमणी. नावातच शांतता आहे. आणि तरी मोटरसायकलच्या सामानाच्या दुकानात उभा राहिलेला तरुण विचारतो काय, तर "दणदणीत आवाजाचा सायलेन्सर आहे का?" म्हणजे औषधाच्या दुकानात जाऊन "जरा चांगला खोकला येईल असं खोकल्याचं औषध द्या" म्हणण्यापैकीच!

या विषयात मी पडलो तो आमच्या शाखेतल्या एका तरुण अधिकाऱ्यामुळे. त्याने वापरलेली हार्ले-डेव्हिडसन घेतली. आयर्न ८८३ नावाची, काळी आणि ठेंगणी. गाडी घेऊन झाली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटला बिचारा. पण नाही. कंपनीचा सायलेन्सर काढून तिथे बाहेरचा कोणता बसवावा, हा प्रश्न गेले सहा महिने चालू आहे. उपवर मुलीच्या बापानेही इतकी स्थळं पाहिली नसतील. कुणाचा सूर चांगला पण वजन जास्त, कुणाचं रूप देखणं पण भाव परवडत नाही. माझं टेबल त्याच्या शेजारी. तेव्हा मला हा विषय घ्यावाच लागला.

मी बी. कॉम. इंजिनशी माझा संबंध पेट्रोलच्या पावतीपुरता. पण वीस वर्षं बँकेत काढल्यावर माणूस एक गोष्ट शिकतो: समोरचा काहीही मागू दे, आधी त्याचा पूर्वेतिहास तपासावा. म्हणून मी सायलेन्सरचा पूर्वेतिहास काढला. आणि खातं चांगलंच संशयास्पद निघालं.

गाडीच्या सायलेन्सरचं एक पेटंट १८९७ सालचं, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्हज् बंधूंच्या नावावर आहे. पण खरी गंमत मॅक्झिम घराण्यात. हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम या गृहस्थाने १८८४ च्या सुमारास मशिनगन तयार केली. ती इतकी वाजायची, की उतारवयात त्याला स्वतःलाच नीट ऐकू येईनासं झालं. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम. या मुलाने १९०९ साली कसलं पेटंट घ्यावं? बंदुकीच्या सायलेन्सरचं! न्हाणीघरातल्या टबाचं पाणी भोवरा घेत जाताना पाहून त्याला ती युक्ती सुचली म्हणतात. हवेला सरळ सुटू द्यायचं नाही, गोल गोल फिरवून दमवायचं, म्हणजे ती मुकाट्याने बाहेर पडते. (सरकारी कचेरीत अर्जदाराच्या बाबतीत हेच तत्त्व वापरतात, पण त्याचं पेटंट कुणी घेतलेलं नाही.) हीच विद्या त्याने गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या इंजिनांनाही लावली. बापाने उभं केलेलं आवाजाचं कर्ज मुलाने फेडलं. आमच्याकडे वहिवाट उलटी आहे. मुलगा आवाज करतो आणि बाप सोसायटीच्या मीटिंगमध्ये माफी मागतो.

आता हार्लेकडे येऊ. १९०३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी गावात, डेव्हिडसनांच्या परसातल्या दहा फूट बाय पंधरा फुटांच्या लाकडी खोपटात ही कंपनी सुरू झाली. आमच्या शाखेची स्टेशनरीची खोली याहून मोठी आहे. त्या सुरुवातीच्या राखाडी रंगाच्या गाडीला काय नाव पडलं असेल? 'सायलेंट ग्रे फेलो'! मुका राखाडी सोबती म्हणा हवं तर. तिला मोठा सायलेन्सर होता, तिचा आवाज कमी होता आणि कंपनी ते अभिमानाने सांगत असे. रस्त्यावर तेव्हा घोडे होते, आणि घोडा बुजला तर गाडीवाल्याची धडगत नव्हती. ज्या कंपनीच्या नावाने आज गल्लीतली कुत्री पळतात, तिचा पहिला लौकिक शांततेचा होता. हे मी आमच्या अधिकाऱ्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याच्या कुलदैवताविषयी भलतंच काही बोललो.

मग हा आवाज आला कुठून? तो आला हिशेबातून. हार्लेने १९०९ साली दोन सिलिंडरचं इंजिन काढलं, ४५ अंशांच्या कोनात, इंग्रजी व्ही अक्षरासारखं. दोन्ही दट्टे एकाच खिळीवर जोडलेले, म्हणजे क्रँकपिनवर. दोन भावांनी एकच छत्री धरावी तसे. त्यामुळे दोन्ही सिलिंडर समान अंतराने पेटू शकत नाहीत. एक पेटला की क्रँक ३१५ अंश फिरल्यावर दुसरा पेटतो; मग ४०५ अंशांची विश्रांती आणि पुन्हा पहिला. ३१५ आणि ४०५ मिळून ७२०. ताळेबंद जुळतो, पण हप्ते असमान. त्यामुळे तो लंगडत-लंगडत दुडक्या चालीने जाणारा ठेका तयार होतो. अमेरिकन माणसाला त्यात 'पोटॅटो-पोटॅटो' ऐकू येतं. मला आमचं जुनं पासबुक छापायचं यंत्र ऐकू येतं. ज्याचं जे दुखणं, त्याला ते ऐकू येतं.

म्हणजे ठेका इंजिनाचा. सायलेन्सरने तो फक्त किती झाकायचा, एवढाच प्रश्न. आणि झाकण उघडायची हौस पहिल्यापासूनच होती. जुन्या गाड्यांना 'कट-आउट' नावाची झडप असे. पायाने दाबली की धूर सायलेन्सरला वळसा घालून सरळ बाहेर. चढावर ताकद मिळते हे निमित्त. गावकऱ्यांना दचकवायला मिळतं हे कारण. गावोगावच्या नगरपालिकांनी त्यावर बंदी घातली. दुसरं महायुद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांनी गाड्यांचा मिळेल तो भाग कापून वजन कमी करायला सुरुवात केली, आणि त्यात सायलेन्सरचा नंबर वरचा लागला. १९४७ च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात मोटरसायकलवाल्यांनी मोठा गोंधळ घातला, त्यावरून 'द वाइल्ड वन' हा चित्रपट १९५३ साली आला, आणि १९६९ साली 'ईझी रायडर'. मग मोठा आवाज म्हणजे मोकळा माणूस, हे समीकरण पक्कं झालं. मोकळा माणूस होण्यासाठी नोकरी सोडावी लागते. सायलेन्सर बदलणं त्यामानाने स्वस्त. म्हणून बाहेरच्या सायलेन्सरचा धंदा चालला.

या धंद्यात माल तीन प्रकारचा. पहिला 'स्लिप-ऑन': इंजिनापासून येणारी नळी तीच ठेवायची, शेवटचा डबा तेवढा बदलायचा. दुसरा पूर्ण संच: इंजिनाच्या तोंडापासून सगळंच नवं. तिसरा प्रकार आपल्या गॅरेजवाल्याचा: आहे त्याच डब्यातली आवाज अडवणारी पुंगळी ओढून काढायची आणि ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. खर्च चहाचा.

यात लोकांची एक समजूत आहे, की मोकळी नळी म्हणजे जास्त ताकद. विज्ञान वेगळं सांगतं. धूर नळीतून झपाट्याने बाहेर पडताना मागे ओढ निर्माण करतो, आणि ती ओढ ताज्या हवेला सिलिंडरमध्ये यायला मदत करते. नळी भलतीच रुंद आणि मोकळी केली, तर धूर रेंगाळतो, ओढ मरते, आणि कमी वेगातला जोर जातो. क्रूझर जातीच्या गाडीचा तर सगळा संसार कमी वेगातल्या जोरावर! म्हणजे आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. हा अनुभव ज्यांनी साहेब लोकांच्या हाताखाली काढला आहे त्यांना नवीन नाही. शिवाय नवी नळी लावली की पेट्रोलचं प्रमाणही नव्याने जुळवावं लागतं. नाहीतर इंजिन तापतं, वेग कमी करताना फटाके उडतात, आणि चकचकीत नळी आधी पिवळी मग निळी पडते. दोन नळ्या एकत्र आणणारा 'दोनातून एक' संच कामाला चांगला, पण दिसायला भपका कमी, म्हणून पुष्कळांना तो नको असतो. इथेही स्थळं पाहताना चालतं तेच चालतं.

हार्लेचं या आवाजावर इतकं प्रेम, की १९९४ साली कंपनीने तो आवाजच ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा अर्ज केला. नऊ प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या, सहा वर्षं कागद फिरले आणि २००० साली कंपनीने अर्ज मागे घेतला. 'मुका सोबती' म्हणून धंद्याला लागलेल्या कंपनीने नव्वद वर्षांनी आपल्या आवाजाचा सातबारा मागावा, याला काय म्हणावं?

तिकडे सरकारही गप्प नव्हतं. अमेरिकेने १९८० साली नियम केला: १९८३ पासून बनणारी रस्त्यावरची मोटरसायकल ८३ डेसिबलच्या आत, १९८६ पासून ८० च्या आत. पण आवाज बघणाऱ्या त्या खात्याचे पैसे १९८२ च्या सुमारास बंद झाले. नियम उरला, कारकून गेला. आता कुठलाही नियम कारकुनावाचून चालत नाही, हे मी सांगायला नको. सायलेन्सरवाल्यांनी डब्यावर 'फक्त स्पर्धेसाठी' असा शिक्का मारला आणि माल रस्त्यावर आणला.

हे डेसिबल प्रकरण कॉमर्सच्या माणसाने मुळापासून समजून घेतलं पाहिजे. ८० डेसिबलची एक गाडी, शेजारी तशीच दुसरी. बेरीज किती? १६० नव्हे, ८३! असा हिशेब आमच्या शाखेत कुणी लिहिला असता, तर ऑडिटरने त्याला घरी बसवलं असतं. पण हिशेब बरोबर आहे. दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट, दर दहाला दसपट. म्हणजे ८० चे १०० झाले तर वाढले वीस नव्हेत. ऊर्जा शंभरपट झाली. चक्रवाढ व्याज याच्यापुढे सज्जन वाटतं. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेचं कोष्टक असं: ८५ डेसिबलमध्ये रोज आठ तास चालतील, ८८ मध्ये चार, ९१ मध्ये दोन आणि १०० मध्ये पंधरा मिनिटं. पुढचं सगळं कानाच्या मुद्दलातून.

आपल्याकडे हार्ले आली त्याची कथा तर नाशिक जिल्ह्यातून जाते. अमेरिकेत आपल्या आंब्याला १९८९ पासून बंदी होती. २००७ साली दोन्ही सरकारांत बोलणी झाली: तुम्ही आमचा आंबा घ्या, आम्ही तुमची मोटरसायकल येऊ देतो. लासलगावच्या केंद्रात, जे मुळात कांद्यासाठी उभारलं होतं, हापूस आणि केशर यांना किरणोत्साराचा शेक दिला आणि त्या एप्रिलमध्ये आंबा न्यूयॉर्कला उतरला. मोटरसायकल मात्र जकातीच्या भानगडीत अडकून २०१० साली विक्रीला आली. २०२० साली कंपनीने इथलं स्वतःचं दुकान आवरतं घेतलं आणि हिरोशी हातमिळवणी केली. आता हिशेब तुम्हीच मांडा: आम्ही तिकडे सुवास पाठवला, आणि बदल्यात काय आलं?

'मोठा आवाज जीव वाचवतो' अशी या पंथाची एक घोषणा आहे. अमेरिकेत १९८१ साली हर्ट नावाच्याच (!) प्राध्यापकांनी मोटरसायकलच्या सुमारे ९०० अपघातांचा अहवाल दिला. तीन चतुर्थांशांहून जास्त वेळा धोका समोरच्या बाजूने आला होता. सायलेन्सरचं तोंड मागे असतं. म्हणजे आवाज जातो तो ज्यांच्यापासून आपल्याला काही भीती नाही अशा लोकांकडे. आपला कायदाही या पंथाला मानत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली आवाजाचे निकष मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय आपल्या शहरांत पोलिस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून वरून रोडरोलर फिरवतात. त्या वेळी होणारा आवाज कुठल्या कलमात बसतो ते मला कळलेलं नाही.

एवढं सगळं मी आमच्या अधिकाऱ्याला क्रमवार सांगितलं. त्याने नम्रपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दोन नवी कोटेशनं आणली. इतिहासाने कुणाचं मन वळलंय असा इतिहास नाही.

पण परवा त्याच्या घरी सत्यनारायणाला गेलो होतो. त्याचे वडील सोलापूरचे. तीस वर्षं यंत्रमागावर काढलेली. दोन्ही कान जवळजवळ गेलेले. मागाच्या खडखडाटात राहून ओठांवरून बोलणं ओळखायची सवय झालेली, म्हणून ते समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात. चिरंजीवांनी मोबाइलवर नव्या सायलेन्सरचं चित्र दाखवलं, ओठ मोठे करून भाव सांगितला. म्हाताऱ्यांनी चित्र पाहिलं, भाव पाहिला, आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"आवाज पैसं देऊन कशापायी घेतोस रं? मला तीस वर्षं फुकटात मिळाला की."

पंगत हसली. चिरंजीवही हसले. कोटेशनं मात्र अजून त्याच्या ड्रॉवरमध्ये आहेत; मुदत या महिनाअखेरीस संपते.